दुसरी पार्टी

ज्या माणसाने मला घरं विकायला शिकवलं, त्याच्या शब्दावर मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेतली नसती. हे मी रागाने म्हणत नाही. राग येऊन गेला. आता उरलाय तो निव्वळ तिटकारा, आणि तिटकाऱ्याचं एक बरं असतं, त्यात माणूस अगदी स्पष्ट आठवतो.

आम्ही त्यांना सर म्हणत असू, कारण तसं म्हणायचं हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं. शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. सरकारी खात्यात कारकून होते, मुदतीआधी निवृत्ती घेऊन या धंद्यात उतरले होते. घराणं मूळचं नागपूरचं. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तेव्हा फायलींबरोबर जी कारकून मंडळी इकडे आली, त्यांत त्यांचे वडील होते. ही गोष्ट ते प्रत्येक मराठी गिऱ्हाइकाला सांगत, आणि अशा थाटात, की वाटावं वडिलांनी राजधानी डोक्यावर वाहून आणली. बिट्टन मार्केटच्या मागच्या गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. दारावर पाटी होती, 'गृह-सलाहकार'. दलाल हा शब्द त्यांना चालत नसे. कोणी 'दलाल साब' म्हणून हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करीत. कमिशनचा विषय निघाला की कान लगेच बरे होत.

मी त्यांच्याकडे गेले ती चाळिशी उलटल्यावर. ज्या खासगी शाळेत मी भूगोल शिकवत होते, ती मालकाने बंद केली आणि त्या मैदानावर मॅरेज गार्डन काढलं. नवऱ्याची सरकारी नोकरी होती, राहायला क्वार्टर होतं, उपाशी मरण्याची वेळ नव्हती. पण घरात बसून दुपारी कपड्यांच्या घड्या घालणं मला जमेना. शेजारीण म्हणाली, "प्रॉपर्टी लाइनमध्ये जा न. आजकल तिकडे लेडीजला खूप मागणी आहे." शहर चहूकडे पसरत होतं. जिथे आम्ही मुलांच्या सहली नेत होतो, तिथे आता सॅम्पल फ्लॅट उभे होते. मला वाटलं, आपल्याला नकाशा वाचता येतो, माणसांशी बोलता येतं, आणखी काय लागतं?

सरांनी मला समोर बसवलं आणि चष्मा वरखाली करत माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी पिशवीतून प्रमाणपत्रं काढायला लागले तर हातानेच थांबवलं.

"कागद राहू द्या, मॅडम. चेहरा मास्तरणीचा आहे तुमचा. यावर खोटं दिसत नाही. भांडवल आहे हे, याचीच कदर करून राहिलो मी."

मला ती स्तुती वाटली. इतकी वर्षं मुलांकडून नद्या रंगवून घेऊन माझी स्वतःची अक्कल कितपत वाढली होती, ते यावरून कळावं.

खोटं बोलणं ही सरांची गरज नव्हती, रियाज होता. धंद्यात सगळेच थोडंफार बोलतात. आज मी स्वतः हाच धंदा करते, तेव्हा त्यातली मापं मला ठाऊक आहेत. सरांचं तसं नव्हतं. सकाळी ऑफिसात येताना ते खालच्या चहावाल्याला एक खोटं सांगूनच जिना चढत. घरी भेंडी झाली असेल तर वांगी म्हणत. रेल्वेने आलेल्या भाच्याला बसने आणत. यात मिळतं काय, असं मी एकदा विचारलं.

"जीभ मोकळी होते," ते म्हणाले. "गवई सकाळी सा लावतो की नाही? तसं आहे हे. बिनफायद्याचं खोटं रोज एक बोलावं. मग फायद्याचं बोलायची वेळ आली की अडखळत नाही माणूस."

चहावाला बिचारा रोज विश्वास ठेवी. एकदा त्याला 'मेहुण्याला मुलगा झाला' असं सांगून सर फुकटचा चहा पिऊन वर आले. मेहुणा त्या वेळी माझ्या समोरच्या खुर्चीत बसला होता. पन्नाशीला आलेला, आणि लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. त्याने फक्त विचारलं, "भाऊजी, मग माझा चहा?"

दुसऱ्याच्या घरी जाताना सर दारात बूट काढीत, ते वळून, पाठमोरे होऊन, टाचा उंबऱ्याकडे लागतील असे नव्हे. सरळ चालत येऊन, चवडे आतल्या बाजूला करून. "बूट आत येताना दिसले पाहिजेत. बाहेर तोंड करून ठेवले की मालकाला वाटतं हा पळणार." माझ्या चपला त्यांनी दोनदा स्वतःच्या हाताने फिरवून ठेवल्या. घराचे दोष सांगायचे नाहीत, दोषांचं बारसं करायचं, हाही त्यांचाच धडा. खिडकीसमोर ट्रान्सफॉर्मर असेल तर 'इथे लाइट कधी जात नाही'. बाजूला मॅरेज गार्डन असेल तर 'रौनक आहे'. चौथा मजला आणि लिफ्ट बंद, तर 'इथल्या लोकांचे गुडघे बघा तुम्ही'. घर दाखवता दाखवता त्यांचा फोन वाजे. तो फोन नसे, त्यांनीच जिन्यात लावलेला गजर असे. तो बंद करून ते कानाला लावत आणि कोणाला तरी म्हणत, "नहीं भाईसाहब, अभी मत आइए, यहाँ एक भली फॅमिली देख रही है, पहला हक इनका।" भली फॅमिली लगेच ताठ होई.

आणि हे सगळं चालत असे, याचंच मला जास्त वाईट वाटतं. मोठमोठे इंजिनिअर, बँकेतले अधिकारी, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी माणसं त्या गजराला भुलत. दुसरं कोणी घेतंय म्हटलं, की ओल आलेली भिंतसुद्धा त्यांना गोरी दिसू लागे.

गजर हे लहान हत्यार झालं. मोठं हत्यार होतं ते म्हणजे दुसरी पार्टी.

गिऱ्हाईक घर बघायला येणार, त्याच वेळी तेच घर बघायला आणखी एक जोडपं यायचं. ते घराची तारीफ करायचं, आपसात कुजबुजायचं, बाईने 'अहो, हेच घेऊ या' म्हणायचं. खरं गिऱ्हाईक घाबरून त्याच दिवशी बयाणा, म्हणजे विसार, देऊन मोकळं व्हायचं. पूर्वी हे काम सरांची बायको आणि तिचा भाऊ मिळून करीत. पण भोपाळ काही एवढं मोठं नाही. बाई ओळखीची झाली. नव्या चेहऱ्याची गरज होती, आणि मास्तरणीचा चेहरा चालून आला होता. म्हणजे घरं विकण्याच्या माझ्या नव्या धंद्याची सुरुवात मी घर विकत घेणारीचं सोंग घेऊन केली. नवरा म्हणून मेहुणा. त्याचं काम सोपं होतं. त्याने प्रत्येक खोलीत जाऊन भिंतीवर बोटांनी ठोकायचं आणि मान डोलवायची. बाकी सगळं मी बोलायचं. पहिल्यांदा मला घाम फुटला. पुढे पुढे सवय झाली, आणि मेहुण्याला तर गोडी लागली. मला 'अगं' म्हणायला मिळतं म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागला होता.

नेहरू नगरातल्या काकूंचं घर आमच्याकडे आलं ते याच सुमारास.

काकू सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. यजमान मंत्रालयात होते, जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी नागपूरला. आदल्या वर्षी काकू न्हाणीत पडल्या आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून मुलगी मागे लागली होती. योगायोगाने तिच्या दारासमोरचाच तळमजल्याचा लहानसा फ्लॅट विकायला निघाला. तिथला मालक भला होता. तुमचं भोपाळचं घर विकलं जाईपर्यंत थांबतो म्हणाला, पण थांबण्यालाही हद्द असते. म्हणजे इकडे घर गेलं तरच तिकडे मुलीच्या दारासमोर दार मिळणार होतं. काकूंनी हे आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि इतक्या साधेपणाने सांगितलं, की मला सरांच्या समोर त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. सरांनी डोळे मिटून मान हलवली आणि म्हणाले, "काकू, आपल्या माणसाचं काम आहे. मी कमिशनसाठी नाही करून राहिलो हे." बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितलं की अडलेला मालक म्हणजे लक्ष्मी.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. करोंदच्या मंडीत धान्याचा व्यापार करणारे एक शेठ होते, लेकासाठी घर बघत होते. कमी बोलणारा, रोख व्यवहार करणारा माणूस. घर त्याला बाहेरूनच पसंत पडलं होतं. तिथे कुठलीच पार्टी लागत नव्हती. घर दाखवा, हो म्हणा, चहा प्या, एवढंच काम. पण सरांना सरळ रस्ता दिसला की चुकल्यासारखं वाटे. शेठ घासाघीस न करता हो म्हणतोय, म्हणजे आणखी ताणला तर ताणेल, असा त्यांनी हिशेब मांडला आणि आम्हा दोघांना पाचारण केलं.

एरवी घरमालकाला दुसऱ्या पार्टीची कल्पना दिलेली असे. काकूंना दिली नाही. "काकू भोळ्या आहेत, तोंडावर दिसून जाईल," सर म्हणाले. वर मला बजावलं, "तुम्ही काकूंशी मराठीत बोला. मोकळेपणानं बोला. शेठला वाटलं पाहिजे, मालकीण त्या पार्टीकडे झुकून राहिली." मेहुण्याला सांगितलं की आज भिंती जरा जोरात ठोक.

मी गेले आणि ठरल्याप्रमाणे बोलायला लागले. हॉल छान आहे, उजेड छान आहे. मग काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, आणि तिथे मी ओट्याला हात लावून जी उभी राहिले, ती पाठ केलेलं सगळं विसरले. मी उंच आहे. आमच्या क्वार्टरमधला ओटा सरकारने कोणाच्या मापाने बांधला देव जाणे, वीस वर्षं मी त्याच्यापुढे वाकून पोळ्या लाटतेय आणि रात्री पाठीला मलम चोळतेय. हा ओटा माझ्या कोपराला बरोबर लागत होता. मी म्हणाले, "काकू, किती बरा आहे हो हा ओटा." काकू माझ्यासारख्याच उंच होत्या. त्या हसल्या.

"यांनी मिस्त्रीला दोनदा तोडायला लावला होता," त्या म्हणाल्या. "तो म्हणे, बाई, सगळ्यांकडे एवढाच असतो. हे म्हणाले, सगळ्यांकडे माझी बायको नाही."

मग त्यांनी मला खिडकी दाखवली, धान्याच्या डब्यांची फळी दाखवली, मागचा पेरू दाखवला. तो आतून गुलाबी निघतो म्हणाल्या. गल्लीत पूर्वी मराठी घरं किती होती, एकेक कशी पुण्या-नागपूरला निघून गेली, चैत्रातल्या हळदीकुंकवाला आता कशा चारच बायका उरतात, तेही सांगितलं. बाहेर हॉलमध्ये मेहुणा भिंती ठोकत होता. शेठ सोफ्यावर बसून सरांना विचारत होते, "भाईसाहब, मकान दिखाने लाए हो कि मेहमान?"

त्या संध्याकाळी शेठनी सरांनी सांगितलेला आकडा काही न बोलता मान्य केला. सर खुशीत काकूंना सांगायला गेले, तर काकू म्हणाल्या, "शेठ चांगले आहेत, पण मी घर त्या पोरीला देणार."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. सरांनी त्यांना समजावलं की त्या जोडप्याजवळ एवढे पैसे नाहीत. काकू म्हणाल्या, मग किंमत कमी करते. नागपूरच्या फ्लॅटपुरते आले की झालं, मला वर काय न्यायचंय? दोन दिवसांनी सरांनी माझ्या नवऱ्याची, म्हणजे मेहुण्याची, जबलपूरला बदली केली. काकू म्हणाल्या, बदल्या होतात तशा रद्दही होतात, यांची तीनदा झाली होती. तोवर कुलूप लावून किल्ली तिच्याकडे देते. सर रोज नवं खोटं घेऊन जात आणि काकू आपल्या चांगुलपणाने ते बिनकामाचं करून परत पाठवीत. इतक्या वर्षांत त्या माणसाला कोणी हरवलं नव्हतं. हरवत होती ती एक गुडघे धरून चालणारी बाई, आणि तिला आपण कोणाशी लढतोय हेही ठाऊक नव्हतं.

शेठचे फोन येत होते. नागपूरचा मालकही आता 'किती दिवस' म्हणायला लागला होता, असं काकूच सांगत. मी सरांना म्हटलं, खरं काय ते सांगून टाका. शिव्या देतील, पण घर तरी शेठला जाईल. सर म्हणाले, "मॅडम, एकदा खरं बोललो की मार्केटमध्ये नाव जाईल."

पुढची बातमी मला मेहुण्याकडून कळली. मी ऑफिसात शिरले तर तो तोंड पाडून बसला होता.

"मला मारलं," तो म्हणाला.

"कोणी?"

"भाऊजींनी. काल काकूंना सांगून आले, हार्ट अटॅक आला. बदली चांगली होती न. मारायची काय गरज होती? माझी शुगर आहे, मॅडम, असं बोलू नये माणसानं."

सर खिडकीशी उभे राहून दात कोरत होते. तिकडूनच म्हणाले, "अरे, तुझं नाव कुठे घेतलं मी? मॅडमचा नवरा गेला म्हणालो."

माझा नवरा त्या वेळी आपल्या ऑफिसात बसून, पित्त होतं म्हणून डब्यातला दहीभात खात असणार. मी खुर्चीत बसले आणि पाणी प्यायले. सरांना तेही दिसलं नाही. त्यांची अडचण निराळीच होती. काकू म्हणाल्या होत्या की मग तर तिला घराची गरज जास्त आहे. तिला घेऊन या, मी तिला बघते, पैशांचं मागाहून बघू. "आता तुम्ही स्वतः येऊन 'मला घर नको' म्हणाल तरच सुटका आहे," सर म्हणाले. "पाच मिनिटं. साधी साडी नेसा उद्या."

मी हो म्हणाले. एकदा नको म्हणावं आणि या सगळ्यावर पाणी सोडावं, एवढंच माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी नेहरू नगरात, काकूंच्या गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानापुढे स्कूटर थांबवली आणि म्हणाले, "टिकली काढून घ्या. आणि गळ्यातलं पर्समध्ये टाका."

मी म्हणाले, "नाही काढणार."

"अहो, नाटकात बायका काम करतात. त्यांचे नवरे मरतात का?"

मी देवभोळी नाही. उपास मी कधी धड पाळले नाहीत, वडाला फेऱ्या मारायला गेले ती गप्पा मारायला. ज्याच्यासाठी ती टिकली होती, त्याच्यावर मी फार काही जीव ओवाळून टाकत होते असंही नाही. पण माझा हात वर जाईना. इतके दिवस या माणसाच्या सांगण्यावरून मी दुसऱ्यांच्या घरात उभी राहून नाही नाही ते बोलले होते, तेव्हा तोंड चाललं होतं. हात मात्र चालेना. सरांनी दोनदा घड्याळ बघितलं, तिसऱ्यांदा म्हणाले, "बरं, पदर घ्या डोक्यावर. पुढे ओढा." आणि काकूंच्या दाराशी पुढे होऊन बेल वाजवली. त्यांना खात्री होती की दार उघडल्यावर मी घाबरून ऐकेन. मी पदर घेतला नाही.

काकूंनी दार उघडलं. रडायच्याच तयारीने आल्या होत्या, दोन्ही हात पुढे केलेले. माझ्या कपाळाकडे बघून हात तसेच राहिले. मग गळ्याकडे बघितलं, बांगड्यांकडे बघितलं.

"आहे ना तो?" त्यांनी विचारलं.

"आहे, काकू."

त्यांचा सगळा चेहराच बदलला. मला मनगटाला धरून त्यांनी आत ओढलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "बरं झालं बाई. बरं झालं. परवा ऐकल्यापासून माझा घास उतरत नव्हता. मला वाटलं, आता कसं होईल हिचं." कोणी फसवलं, का फसवलं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. एक अनोळखी माणूस जिवंत आहे, एवढ्यावर ती बाई आनंदली होती. मला रडू आलं ते तेव्हा.

सरांना ती पडत्या फळाची आज्ञा वाटली. बूट काढता काढताच त्यांनी सुरू केलं, "काकू, तेच सांगायला आणलं यांना. डॉक्टरांनी तर हात टेकले होते, आणि काय सांगू—"

"काकू," मी म्हणाले, "तो माझा नवरा नाही. यांचा मेहुणा आहे. त्याला काही झालेलं नाही. आम्ही घर घ्यायला आलोच नव्हतो. शेठना घाई व्हावी म्हणून आणलं होतं आम्हाला."

काकू सोफ्यावर बसल्या. त्यांना ते एकदम कळलं नाही, मला दोनदा सांगावं लागलं. सर मध्ये मध्ये 'धंद्याची पद्धत असते' असं काहीतरी म्हणत होते. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"मग घर आवडलं होतं ते कोणाला?" त्यांनी मला विचारलं.

"मला. ओटा खरंच आवडला होता, काकू."

"पण घेणार नव्हतीस."

"नाही."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि ताटं घेऊन आल्या. सुतकातल्या घरी आपण पिठलं-भात नेऊन देतो. पोरगी येतेय, दोन घास खाईल, म्हणून त्यांनी सकाळीच करून ठेवला होता. "केलंय तर खा," एवढंच म्हणाल्या. माझ्याने घास उचलवेना. सर मात्र मांडी घालून बसले, कांदा मागून घेतला, बुक्कीने फोडला, आणि स्वतःच्या हाताने मारलेल्या माणसाच्या दुखवट्याचं अन्न तेलाची धार घेऊन जेवले. भात दुसऱ्यांदा घेतला. मी तेव्हा त्या माणसाकडे नीट बघितलं. लाज दाबून ठेवलीय, असं काही त्याच्या तोंडावर नव्हतं. दाबायला तिथे काही नव्हतंच.

तेवढ्यात काकूंच्या मुलीचा फोन आला. त्या आत जाऊन बोलल्या आणि फोन हातात धरूनच बाहेर आल्या.

"नागपूरला त्या फ्लॅटसाठी कोणी दुसरी पार्टी आली म्हणते," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळी बयाणा देणार आहेत. आपलं नक्की असेल तर आत्ता सांगा म्हणतो मालक."

मी म्हटलं, "काकू, शेठ अजून तयार आहेत. आत्ताच फोन करू या. त्यांना हो म्हणा आणि नागपूरला कळवा."

काकू माझ्याकडे वळल्या नाहीत. त्या सरांसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"तुम्ही यातले जाणकार," त्या म्हणाल्या. "ही दुसरी पार्टी खरंच असते का हो?"

सरांनी घास गिळला. मला वाटतं, त्या माणसाने त्या दिवशी, कदाचित कैक वर्षांत पहिल्यांदा, मनापासून उत्तर दिलं.

"नसते, काकू. कधीच नसते. घाई करवायची पद्धत आहे ती. तुम्ही बिलकूल टेन्शन नका घेऊ."

"काकू, कधी कधी असते," मी म्हणाले. "यांचं ऐकू नका."

"खोट्यातलं यांना कळतं, बाई," काकू म्हणाल्या. "तुला काय कळतं." आणि त्यांनी मुलीला फोन लावून सांगितलं, काही घाई करू नको म्हणावं, तसं कोणी नसतं. आमच्या इथे समोरच बसलेत एक, त्यांनीच सांगितलं. शेठनाही त्यांनी सोमवारी बघू म्हणून कळवलं. सोमवारी शेठ म्हणाले, बहनजी, हमने तो ले लिया दूसरा.

नागपूरची पार्टी खरी होती. पुढच्याच महिन्यात मुलीच्या समोरच्या दारावर त्या पार्टीच्या नावाची पाटी लागली. काकू अजून नेहरू नगरातच आहेत. सकाळी दूधवाला आला तेव्हा काकूंनी स्वतः उठून दार उघडलं ना, एवढीच आता त्यांची मुलगी फोनवरून रोज खात्री करून घेते.